चार बोटांचा सौदा

नगमा: खरं सांगा काका, अब्बांनी तुमाले काय कबूल केलं?

खुशालराव: मी काहून सांगू? तुहा बाप आता बाजारातून येईन, त्यालेच विचार. मी तर चहाले आलो.

नगमा: तिवस्याहून अचलपूरले, दोन बसा बदलून, चहाले?

खुशालराव: भाभीच्या हातचा चहा हाय तो. माणूस त्याच्यासाठी तीन बसा बदलीन.

नगमा: ऐकलं? कपबशी वाजली आत. अम्मी खुश झाली.

खुशालराव: भाभी बाहीर नाही येऊन राहिल्या ते?

नगमा: रुसली आहे माझ्यावर. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही, भांड्यांले बोलाले लावते. कपबशी वाजली का समजाचं, ठीक चाललं आहे. झाकण आपटलं का नापसंत. अन् कढई वाजली तर सगळ्यांनी चुप बसाचं.

खुशालराव: आमच्या घरी बी हेच चालते वं. फक्त आमच्याकडे कपबशी कधी वाजत नाही.

नगमा: विषय बदलू नका. आज पाच वाजेपर्यंत मले विषय निवडाचा आहे.

खुशालराव: कोनता विषय? तू तर एमबीए करूनच राहिली ना, त्या लॅपटॉपवर? मास्तर डब्यात, पोट्टे आपापल्या घरी.

नगमा: तेच. पहिलं वर्ष सगळ्यांले सारखं होतं. दुसऱ्या वर्षी एकच विषय धराचा अन् त्याच्यातच पास व्हाचं. स्पेशलायझेशन म्हणतात त्याले. आमच्याकडे चार आहेत. एच.आर., म्हणजे कंपनीतली माणसं सांभाळाची. मार्केटिंग, म्हणजे माल खपवाचा. फायनान्स, म्हणजे पैशाचं पाहाचं. अन् अ‍ॅग्रीबिझनेस, म्हणजे शेतमालाचा धंदा.

खुशालराव: चौथाच.

नगमा: पहा. बोलले ना शेवटी.

खुशालराव: मंग काय वाईट बोललो? आमी तिवस्याच्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली, तुले मालूम हाय. तूर हाय, सोयाबीन हाय, सफाईची मशीन हाय, शेड हाय. फक्त चालवनारं मानूस नाही. आमचा अध्यक्ष तो केशवराव, त्याले ईमेल आला का तो चष्मा पुसत बसते. मी कुर्बानले म्हनलं, तुही पोरगी दे आमाले मॅनेजर म्हनून. तर तो म्हने, पोरगी चौथाच विषय घेईन, हा माहा शब्द.

नगमा: शब्द दिला?

खुशालराव: छातीवर हात ठेवून.

नगमा: कोणता हात?

खुशालराव: आता हात कोनता ते कोन पाह्यते? उजवा असन.

नगमा: मंग अम्मीले डाव्या हातानं दिला असन. तिले सांगतलं, नगमा एच.आर. घेईन. मी अजून हो म्हणाली नाही, म्हणून तर रुसली ती. बायकांच्या जातीले बरं, एसी असते, खुर्ची फिरती असते.

खुशालराव: कपबशी वाजली बघ.

नगमा: आता गुलफामच्या घरचे, माझ्या होणाऱ्या सासरचे. बाळापूरचेच ते, पण पुण्यात राहून राहून पुण्याचे झाले. त्याच्या अब्बूंचा फोन आला होता. त्यांचा भाऊ एका मोठ्या फायनान्स कंपनीत आहे, निकाह झाला का मले तिथं चिकटवणार. त्यांले अब्बा म्हणाले, बेफिकीर राहा, पोरगी फायनान्सच करून राहिली.

खुशालराव: बाप्पा. मंग तुले काय सांगतलं त्यानं?

नगमा: मी म्हणाली, अब्बा, मले मार्केटिंग कसं वाटीन? तर डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणाले, माह्या मनातलंच बोलली तू.

खुशालराव: म्हंजे चार विषय अन् चार गिऱ्हाईकं.

नगमा: चारही बोटं विकली त्यांनी, काका. एकाच दावणीची.

खुशालराव: बैलबाजारात दलाली करन्यात उमर गेली त्याची. सवय हाय. घेनाऱ्याले म्हनाचं तुहीच बाजू खरी, विकनाऱ्याले म्हनाचं तुहीच बाजू खरी, अन् मधात रुमाल टाकून त्याच्याखाली बोटं धरून भाव जमवाचा. तो लबाड नाही वं. त्याले कोनाले नाही म्हनता येत नाही.

नगमा: लबाड कोण म्हणते? पण मले त्यांचा भाव पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या मनात काय आहे, ते एकदा तर समजू द्या. मले आज तेवढंच पाहिजे.

खुशालराव: चुप. चपला वाजल्या.

कुर्बान: सलाम, खुशालराव. तिवसा सोडून इकडं? कोणाची जोडी पाहाले आला का?

खुशालराव: माही जोडी तर दोन वर्साआधीच गेली गा. आता पोरानं ट्रॅक्टर सांगतला हाय भाड्यानं. चहाले आलो. बाजार कसा होता?

कुर्बान: बाजार? बैल कमी, चहाच्या टपऱ्या जास्त. अन् एक ट्रॅक्टरवाला पोट्टा बैलांच्या दावणीत फिरून जाहिरातीचे कागद वाटून राहिला होता. मलेबी दिला एक.

नगमा: मंग तुमी काय केलं?

कुर्बान: बैलाले चारला. त्यानं आवडीनं खाल्ला.

खुशालराव: अन् जावई तर तू ट्रॅक्टरवाल्या कंपनीतलाच शोधला.

कुर्बान: ज्यानं बाजार उठवला, त्याच्याच घरी पोरगी देऊन राहिलो. पण पोट्टा चांगला आहे. मी त्याले विचारलं, तुह्या ट्रॅक्टरचे दात कसे पाहाचे? तर बिचारा खाली वाकून पाहाले लागला.

नगमा: अब्बा, बसा. पाणी घ्या. पाच वाजेपर्यंत विषय टाकाचा आहे. कोणता टाकू?

कुर्बान: अरे, तेच तर. तू जो म्हणशीन तो.

नगमा: मी तर मार्केटिंग म्हणाली होती.

कुर्बान: माह्या मनातलंच.

खुशालराव: अन् चौथा?

कुर्बान: चौथा बी माह्या मनात होताच.

नगमा: झाकण आपटलं अम्मीनं. एच.आर.चं काय झालं, विचारून राहिली.

कुर्बान: खातूनबी, एच.आर. पहिल्या नंबरवर आहे, काळजी करू नको.

नगमा: अन् पुण्याचा फोन आला तर?

कुर्बान: पाहा बेटा, फोनवर मानूस जे बोलते ते फोनवरच राह्यते.

खुशालराव: सापडला रे कुर्बान. चारही गिऱ्हाईकं एकाच खाटेवर बसली आज.

कुर्बान: चार कशी? तू, ही, आतली भांडी. पुणेवाले नाहीत ना इथं. तीनच झाली.

नगमा: अब्बा, मस्करी पुरे. बाजूले बसून सांगा, चारातला कोणता खरा?

कुर्बान: असं घाईनं कसं सांगू? बैल पाह्याचा तर चारी बाजूनं फिरून पाह्यते मानूस. एच.आर. म्हणजे पाहाले देखणा. पांढरा शुभ्र, शिंगं सारखी. पोळ्याले मिरवला तर गाव पाहीन. पण नांगराले जुंपला का बसून जाईन.

खुशालराव: झाकण.

कुर्बान: आपटू दे. मार्केटिंग उनाड आहे. चाल जोरदार, पण दोर तोडून दुसऱ्याच्या वावरात जाते. फायनान्स शांत, खाते लय, बोलते कमी. कोणाच्या घरी गेला तरी ओळख ठेवत नाही.

खुशालराव: अन् माहा चौथा?

कुर्बान: चौथा गावरान. मेहनती आहे. ऊन, पाऊस, चिखल, सगळं चालते. पण सांग खुशाल, आजकाल गावरान बैलाले विचारते कोण? तुमच्या कापसाले भाव नाही, सोयाबीन पावसानं काळं पडते. ज्या बाजारात पाय ठेवला का मानूस फसते, त्याच बाजाराचं शिक्षण पोरीले देऊ?

खुशालराव: मंग मले शब्द काहून देल्ला?

कुर्बान: तू इतक्या आशेनं पाहून राहिला होता. त्या टायमाले नाही कसं म्हणू?

नगमा: मंग चौथा नको म्हणता तुमी?

कुर्बान: मी कुठं नको म्हणलो? मी बैलाचे गुण सांगतले.

नगमा: हेच. हेच करता तुमी. लहानपणापासून पाहून राहिली मी. भाईजाननं दुकान टाकतो म्हणलं, तुमी म्हणाले टाक. अम्मी म्हणाली नको टाकू, तुमी म्हणाले बरोबर बोलून राहिली. शेवटी तो सुरतेले गेला, तर तुमी स्टँडवर म्हणाले, चांगलं केलं. अन् घरी येऊन दोन दिवस जेवले नाही.

कुर्बान: पोट बिघडलं होतं.

नगमा: अब्बा.

कुर्बान: बेटा, दलालाले आपला भाव नसते. त्यानं ह्याचा भाव त्याले सांगाचा, त्याचा ह्याले. मधात आपला घातला, तर दुसऱ्या बाजारी त्याले कोणी उभं करत नाही. माह्या वालीदनं मले पह्यला धडा हाच देल्ला.

नगमा: पण दुसरा बाजार आता राहिला कुठं?

खुशालराव: नगमा.

कुर्बान: बोलू दे. खरं तर बोलून राहिली. आज मी रुमाल खांद्यावर टाकून गेलो अन् तसाच घेऊन आलो. एक डाव बी खाली नाही उतरला.

नगमा: चूक झाली अब्बा. तसं नव्हतं म्हणाचं मले.

कुर्बान: चूक नाही. आतून भांडं वाजलं का?

खुशालराव: नाही. काहीच नाही वाजलं.

कुर्बान: म्हणजे ऐकून राहिली.

नगमा: अब्बा, तोंडानं नसन सांगता येत तर हातानं सांगा. रुमाल टाका.

कुर्बान: कुठं?

नगमा: इथं. माझ्या हातावर. आज तुमी दलाल नाही. आज तुमी पार्टी.

कुर्बान: येडी झाली का? रुमाल बाजारात पडते, घरात नाही. अन् पोरीसंग सौदा करते का कोणी?

नगमा: मंग शिकवलं काहून? बाजारात बायका येत नाहीत, तरी मले घेऊन जात होते. मी अंकलिपी मंग शिकली, रुमालाखालची बोटं आधी शिकली. शाळेत बाईंनी विचारलं तीन अन् दोन किती, तर मी बाईंचा हात धरला.

खुशालराव: तो किस्सा तर तिवस्यापर्यंत आला होता.

कुर्बान: दलाल कोण मंग? मधात दलाल पाहिजे. त्याशिवाय सौदा होत नाही.

खुशालराव: मी हाय ना.

कुर्बान: तू?

खुशालराव: उमरभर तुह्या रुमालाखाली हात देऊन बैल घेतले मी. कधी तू मले वर नेलं, कधी खाली आनलं, मी हूं का चूं केलं नाही. आज एक डाव उलटं होऊ दे. बोला, भाव कशात? शेकड्यात का हजारात?

नगमा: विषयात. एक बोट एच.आर., दोन मार्केटिंग, तीन फायनान्स, चार अ‍ॅग्री.

कुर्बान: मले नको शिकवू.

खुशालराव: टाक रुमाल. वरतून कोनी बोलाचं नाही. फक्त जमलं का नाही जमलं, येवढंच.

(कुर्बानभाई खांद्यावरचा रुमाल झटकतात अन् बापलेकीच्या हातांवर टाकतात. आत स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज बारीक होतो.)

खुशालराव: लागले का हात?

कुर्बान: हात थंडगार आहे हिचा.

खुशालराव: वरतून बोलाचं नाही म्हनलं ना.

नगमा: हे काय? एक? काका, अब्बा एकच बोट धरून राहिले.

खुशालराव: कपबशी वाजली.

नगमा: रुमालाखालचं तिले कसं दिसलं?

खुशालराव: तू मोठ्यानं बोलली वं.

नगमा: हा भाव तुमचा नाही अब्बा. हा अम्मीचा. नाही जमलं. पुन्हा धरा.

कुर्बान: बरं. घे.

नगमा: तीन. हा पुणेवाल्यांचा. फोनवरचा भाव फोनवरच राह्यते, तुमीच म्हणाले. नाही जमलं.

खुशालराव: कुर्बान, दुसऱ्याचा माल आपला म्हनून खपवू नको. आज तू पार्टी हाय.

कुर्बान: तुमी दोघं मिळून घेरून राहिले मले.

खुशालराव: बाजारात असंच असते. तू किती जनाले घेरलं, आठव.

नगमा: अब्बा, मी तुमचं ऐकूनच ठरवीन असं नाही. माझं मी पाहीन. पण तुमच्या मनात काय आहे ते समजलं नाही अन् मी निघून गेली, तर तिकडं रोज तेच डोक्यात येईन. म्हणून विचारून राहिली. दुसरं काही नाही.

खुशालराव: धरलं का बोट? नगमा? किती?

नगमा: काका.

खुशालराव: बोल ना.

नगमा: पाच.

खुशालराव: पाच? विषय तर चार हायत.

नगमा: पूर्ण हात धरला त्यांनी.

कुर्बान: चुकून धरला. बोटं जाड झाली आता, अंदाज येत नाही.

खुशालराव: तुह्या बोटाचा अंदाज चुकलेला मी तर कधी पाह्यला नाही. तेल लावलेल्या हातानं बी तू कधी चुकला नाही.

नगमा: अब्बा, पाचवा विषय नाही त्यांच्याकडे.

कुर्बान: मंग मी काय करू? ठेवाले पाहिजे होता त्यांनी.

नगमा: पाचवा म्हणजे काय पण?

कुर्बान: म्हणजे कोणताच नाही. म्हणजे ही खाट, तो तुहा डबा, अन् संध्याकाळी तू त्या मास्तरचं ऐकतं अन् मी इकडं तोंड करून झोपल्यासारखा पडतो. सगळं ऐकलं मी वर्षभर. तो मास्तर म्हणते, ग्राहक राजा आहे. खोटं बोलते तो. पण आवाज चांगला आहे त्याचा. तुले हसू आलं का तू तोंडावर ओढणी घेतं, ते बी माहीत आहे मले. दुसरं वर्ष राहू दे ना बेटा. पह्यलंच पुन्हा कर.

खुशालराव: पास झालेलं वर्स पुन्हा?

कुर्बान: तू दलाल आहे, चुप बस.

नगमा: झाला तुमचा भाव?

कुर्बान: झाला. तू मागतला, मी देल्ला. आता शरम वाटून राहिली मले.

नगमा: मले नाही वाटून राहिली. मले बरं वाटलं. पण अब्बा, पाच मले परवडत नाही.

कुर्बान: माहीत आहे.

नगमा: आता माझा भाव घ्या. मोजा.

कुर्बान: एक, दोन. तीन. चार.

खुशालराव: चार? म्हंजे माहा?

नगमा: काका, दलालानं खुश व्हाचं नसते. अब्बा, गावरानले कोणी विचारत नाही म्हणता, मंग मीच विचारते ना. काकांच्या शेडमध्ये जाऊन आली मी मागच्या महिन्यात, तुमाले न सांगता. तूर साफ करून पोत्यात भरून राहिले होते, अन् ज्याले विकाची त्याचा पत्ता कोणाकडे नव्हता. मले तिथून उठूच वाटे ना. पुण्यात मी फिरत्या खुर्चीवर बसली तर कोणाचं काही अडत नाही. इथं अडून राहिलं.

कुर्बान: अन् गुलफाम?

नगमा: त्याले सांगतलं. त्यानं अमरावतीच्या शोरूमसाठी बदली मागतली. म्हणे, वऱ्हाडातच तर ट्रॅक्टर खपवाचे आहेत.

कुर्बान: म्हणजे जावई माह्याच बाजारात येऊन बसणार, माह्याच छातीवर.

खुशालराव: दात पाहाले शिकव त्याले.

नगमा: अमरावतीत घर घेऊ. तिथून तिवसा जवळ आहे. अन् अचलपूरची बस तर दर थोड्या वेळानं सुटते.

कुर्बान: पाच.

नगमा: चार.

कुर्बान: पाच सांगतलं ना.

नगमा: चारच. वर एक बोट नाही.

खुशालराव: हे पाहा, दोघांचं बी राहू द्या. साडेचार करा.

नगमा: अर्धं बोट कसं धराचं काका?

खुशालराव: मले काय मालूम? हा असंच म्हनत होता मले. मी मान हालवत होतो.

कुर्बान: ऐक बेटा. जोडी विकली तर वरून कासरा देतात, घुंगरमाळ देतात. रिकामी नाही पाठवत कोणी. मी एक बोट उतरलो तर वरून काय देशीन?

नगमा: शनिवारची संध्याकाळ. येईन अन् रविवारी राहीन.

कुर्बान: अन् तो डबा?

नगमा: घेऊन येईन. मास्तरचं इथंच बसून ऐकू. पण झोपल्याचं सोंग नाही कराचं. खाटेवर उठून बसाचं, अन् ग्राहक राजा नाही ते त्याले सांगाचं. माइक मी चालू करून देईन.

कुर्बान: तो घाबरीन.

नगमा: घाबरू द्या.

खुशालराव: बोल कुर्बान. जमलं का नाही जमलं?

कुर्बान: थांब जरा. मले घाई करू नको.

नगमा: काका.

खुशालराव: काय झालं?

नगमा: एक सुटलं. अंगठा सोडला त्यांनी.

खुशालराव: चार झाले. जमलं. भाभी, जमलं बरं का. सौदा चारावर पक्का झाला.

कुर्बान: आता कढई वाजते पाहा. तिचं एच.आर. गेलं.

नगमा: नाही. कपबशी वाजली. पुन्हा वाजली. अम्मी कप काढून राहिली.

कुर्बान: एसीची खुर्ची विसरली इतक्यात?

खुशालराव: अमरावती ऐकली असन तिनं. पुन्यापेक्षा जवळ हाय.

कुर्बान: म्हणजे तिचा बी भाव पाचच होता. मले एक सांगून राहिली होती ती.

नगमा: तुमच्याच घरची आहे ना अब्बा.

खुशालराव: बरं, आता घाई कर पोरी. पाच वाजाले आले. तो विषय टाक तुह्या डब्यात. लाईन गेली तर पंचाईत.

नगमा: टाकला काका.

खुशालराव: कधी? हात तर रुमालाखाली हाय तुहा.

नगमा: सकाळीच टाकला.

कुर्बान: काय टाकला?

नगमा: चार.

कुर्बान: मंग हा एवढा सौदा काहून केला?

नगमा: तुमीच सांगता, जोडी मनात बसली तर आधी दोर हातात घ्याचा, भाव मंग कराचा.

कुर्बान: खुशाल, पाह्यलं? मलेच फसवलं. भर घरात, माह्याच रुमालानं.

खुशालराव: तुहीच पोरगी.

कुर्बान: अन् मी पाचवर अडून बसलो असतो तर?

नगमा: तर रडली असती. पण ठेवलं चारच असतं.

कुर्बान: हूं.

नगमा: अन् दलाली तुमी खाल्ली चार ठिकाणची. तर पुण्याले फोन तुमीच कराचा. फायनान्स गेलं, हे तुमीच सांगाचं. अन् त्यांच्या मनातलंच आहे असं म्हणाचं नाही.

कुर्बान: मंग काय म्हणू?

नगमा: नाही म्हणा. साधं नाही. आजपासून शिका.

कुर्बान: अवघड आहे बेटा. ह्या उमरीत नवा विषय.

खुशालराव: चला, माहं काम झालं. शेवटची बस पकडतो चहा घेऊन. हात सोडा आता, रुमाल काढतो मी.

कुर्बान: राहू दे.

खुशालराव: काहून? सौदा तर झाला.

कुर्बान: चहा येऊ दे आधी.